उतारावरची थंडी

हिवाळ्यात सायकलवर माणूस गारठतो तो बहुधा उतारावर. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला पोचेपर्यंत अंगात भरपूर ऊब असते, कपाळावरून घाम ओघळत असतो, जर्किनची चेन पोटापर्यंत उघडलेली असते. वर चहा होतो, फोटो होतात, पंधरा-वीस मिनिटे जातात. मग सायकल परत वाईच्या दिशेने सुटते आणि पहिल्या दोन-तीन वळणांतच दातावर दात आपटू लागतात. हवेचे तापमान तेच असते, उलट ऊन वर आल्यामुळे थोडे वाढलेलेच असते. पण पाय थांबलेले असतात, आतला कपडा ओला झालेला असतो आणि समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा सुरू झालेला असतो. थंडीतल्या व्यायामाच्या कपड्यांचा विचार या तीन गोष्टींपासून सुरू करायला हवा. "जाड स्वेटर घालून जा" हा घरातून मिळणारा सल्ला मायेचा असतो, पण तो या तिन्हींपैकी एकीवरही इलाज करत नाही. घामाचे प्रमाण तर तो वाढवतोच.

सायकल चालवताना स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात तिचा जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोचतो. बाकीच्या ऊर्जेची उष्णता होते. चढावर पेडलला १५० वॅट देणाऱ्या माणसाच्या अंगात त्याच वेळी साडेचारशे ते सहाशे वॅट उष्णता तयार होत असते आणि ती बाहेर टाकण्यासाठी शरीर घाम गाळते. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. चढावर ही सोय वरदान असते. उतारावर पाय थांबले की शरीरातली उष्णता एकदम कमी होते, पण ओला कपडा वाळत राहतो आणि उष्णता नेत राहतो. शिवाय पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे त्वचेला चिकटलेला ओला बनियन अंगावर काहीच नसण्यापेक्षा फारसा बरा नसतो.

आता वारा. वाऱ्याने थंडी किती वाढते हे मोजण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसल या अमेरिकन संशोधकांनी अंटार्क्टिकावर केला. प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून, ते वेगवेगळ्या वाऱ्यात गोठायला किती वेळ लागतो हे त्यांनी पाहिले. २००१ साली अमेरिका आणि कॅनडाने त्या गणितात सुधारणा करून नवे सूत्र आणले. त्या सूत्राप्रमाणे हवा १० अंशांची आणि वारा ताशी २५ किलोमीटरचा असेल, तर उघड्या चेहऱ्याला ७ अंशांसारखे वाटते. वारा ४० वर गेला की ६. हवा ५ अंशांची आणि वारा ३० चा असेल, तर सरळ शून्य. पहिले दोन आकडे ऐकायला किरकोळ वाटतात. पण सूत्रातला वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजलेला धरतात, चेहऱ्याच्या उंचीवर तो मंद असतो. सायकलस्वार स्वतःच्या वेगाने जो वारा निर्माण करतो तो मात्र कमी न होता थेट छातीवर येतो. शिवाय ते गणित कोरड्या त्वचेचे आहे. ओल्या कपड्याचा हिशेब त्यात नाही.

आपल्या पठारावरच्या हिवाळ्याचा स्वभावही ध्यानात घ्यायला हवा. पुण्यात जानेवारीत पहाटेचे तापमान सरासरी ११-१२ अंश असते आणि दुपारचे ३० च्या आसपास. थंडीची लाट आली की पहाट ७-८ वर येते, नाशिककडे निफाडच्या परिसरात त्याहूनही खाली. पण दहा वाजेपर्यंत ऊन चटके देऊ लागते. म्हणजे साडेपाचला निघून दहाला परतणारा माणूस एकाच फेरीत तेरा-चौदा अंशांचा फरक अंगावर घेतो. युरोपात दिवसभर ५ अंश म्हणजे ५ अंश. तिथले सल्ले आणि तिथल्या व्हिडिओंमधले कपडे आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत त्याचे कारण हे. आपल्याला असे कपडे हवेत जे वाटेत काढता येतील आणि काढल्यावर कुठेतरी ठेवता येतील. एखादे जॅकेट घ्यायचे की नाही हे ठरवताना मी आधी ते घडी घालून पाठीमागच्या खिशात बसते का ते पाहतो. बसत नसेल तर ते कितीही उबदार असो, सायकलच्या कामाचे नाही.

आणखी एक गोष्ट नवख्यांना चकवते. उंचावर थंडी जास्त, हे दिवसा खरे असते. पण निरभ्र, वारा नसलेल्या हिवाळी रात्री जमीन उष्णता आकाशाकडे सोडून देते, तिच्यालगतची गार हवा जड होऊन उतरत जाते आणि नदीकाठी, ओढ्यात, तळ्याकाठच्या सखल भागात साचून राहते. त्यामुळे पहाटे टेकडीच्या माथ्यावर बरे वाटते आणि खाली पुलावर आल्यावर हुडहुडी भरते. पुण्यात पाषाण किंवा एनडीएच्या बाजूने जाणाऱ्यांना हा फरक चांगला ठाऊक आहे. दिवसभरातले सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नसते, ते साधारण सूर्योदयाच्या सुमारास असते. म्हणून पाचला निघताना जी थंडी असते ती सूर्योदयापर्यंत अजून वाढणार आहे असे धरून चालावे.

मग घालायचे काय? सुरुवात त्वचेपासून करू, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात आणि त्या बाहेरून दिसत नाहीत.

सुती बनियन, सुती टी-शर्ट थंडीतल्या व्यायामाला घालू नये. सूत घाम शोषून घेते आणि धरून ठेवते. पॉलिस्टरचा धागा स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा ओल आत घेत नाही. त्याच्या विणीतून घाम बाहेरच्या बाजूला पसरतो आणि वाऱ्यावर वाळतो. उन्हाळ्यात सुताचा ओलावा गारवा देतो, म्हणून आपल्याला ते सुखाचे वाटते. तोच गुण हिवाळ्यात अंगावर उलटतो. खेळाच्या कपड्यांच्या दुकानात तीन-चारशे रुपयांपासून मिळणारा पातळ, अंगालगत बसणारा पॉलिस्टर टी-शर्ट हा या ऋतूतला पाया समजावा. तो सैल नको. घाम शोषायला कपडा त्वचेला टेकलेला असावा लागतो. बायकांनी स्पोर्ट्स ब्रासुद्धा सुती नसलेली निवडावी, नाहीतर वरचा कपडा कितीही चांगला असला तरी छातीवर ओला पट्टा राहतोच.

घरात थंडीसाठी घेतलेले थर्मल असते ना, ते आधी उलटे करून लेबल वाचा. बाजारातल्या बऱ्याच थर्मलमध्ये सूत असते. रात्री प्रवासाला, शेतावर राखणीला, स्वस्थ बसण्याला ते उत्तम. घाट चढायला नाही. आणि पॉलिस्टरचे असले तरी सात-आठ अंशांच्या वर त्याची गरज सायकलवर क्वचितच पडते. पहिल्या चढालाच ते नकोसे होते आणि आतला कपडा रस्त्यात काढता येत नाही.

लोकरीची गोष्ट वेगळी आहे. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल पोटात घेतो आणि तरीही हाताला ओला लागत नाही. पावसात दिवसभर मेंढरांमागे हिंडणारा धनगर घोंगडी का सोडत नाही याचे उत्तर यातच आहे. मात्र दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ असते, ती उघड्या त्वचेवर टोचते. अंगालगत घालायला मेरिनो मेंढीची बारीक लोकर लागते. ती महाग आहे, पण दोन-तीन दिवसांच्या सलग प्रवासात तिला वास कमी येतो, थांबल्यावर ती झटकन गार पडत नाही. हिमाचल-लडाखकडे सायकल घेऊन जाणाऱ्यांनी असा एक टी-शर्ट घेण्यासाठी पैसे साठवावेत. पुणे-नाशिकच्या सकाळींसाठी तो चैनीचाच.

मधला थर, म्हणजे पातळ फ्लीस किंवा स्वेटर, महाराष्ट्रात सायकलवर फार थोड्या दिवशी लागतो. हिवाळ्यात शहरोशहरी दुकाने थाटणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांकडचे स्वेटर छान उबदार असतात, पण विणीच्या प्रत्येक भोकातून वारा आत येतो. वर वारा अडवणारे काही नसेल तर चालत्या सायकलवर जाड स्वेटरही निरुपयोगी ठरतो. आणि वर वारा अडवणारे असेल, तर खाली बहुतेक वेळा स्वेटर लागतच नाही.

म्हणून खरा पैसा बाहेरच्या थरावर खर्च करावा. विंडचीटर. पातळ, शंभर-दीडशे ग्रॅमचा, मुठीत मावणारा. निवडताना चार गोष्टी हाताने तपासा. चेन पूर्ण उघडणारी हवी, डोक्यातून घालायचा नको, कारण चालत्या सायकलवर एका हाताने ती वर-खाली करता आली पाहिजे. मनगटाला इलॅस्टिक हवे, नाहीतर वारा बाहीतून काखेपर्यंत शिरतो. पाठ लांब हवी, कारण हँडलवर वाकले की मागचा कपडा वर सरकतो आणि नेमकी घामेजलेली कंबर उघडी पडते. आणि पाठीवर किंवा काखेत जाळी किंवा भोके हवीत, म्हणजे आतली वाफ बाहेर जाईल. अंगावर तो फडफडू नये. दुकानात उभे राहून घालून पाहण्यापेक्षा हँडल धरल्यासारखे वाकून, हात पुढे करून पाहावे.

पावसाळ्यातला रेनकोट विंडचीटर म्हणून वापरू नका. त्यातून पाणी आत येत नाही तशी वाफही बाहेर जात नाही, आणि चढ संपेपर्यंत माणूस आतून न्हालेला असतो. फक्त उतारापुरता, अगदी नाइलाज म्हणून, तो चालेल.

विंडचीटरपेक्षाही मला बिनबाह्यांचे जाकीट आवडते. छाती आणि पोट झाकले जाते, काखा मोकळ्या राहतात, घाम कमी. त्याच्या जोडीला दंडापासून मनगटापर्यंतच्या सुट्या बाह्या घ्याव्यात. उन्हापासून संरक्षण म्हणून विकल्या जाणाऱ्या साध्या आर्म स्लीव्हजसुद्धा १२-१५ अंशांत पुरतात. ऊन तापले की चालता-चालता त्या मनगटापर्यंत खाली ओढता येतात. १० अंशांची पहाट आणि २५ अंशांचे दहा वाजणे यांच्यामध्ये निभावून नेणारी याहून स्वस्त आणि सोयीची जोडी मला माहीत नाही.

आणि काहीच नसेल तर वर्तमानपत्र. युरोपातल्या मोठ्या शर्यतींत घाटमाथ्यावर उभ्या असलेल्या प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन ते जर्सीच्या आत छातीवर सरकवायचे आणि मग उतरायचे, ही सायकलपटूंची जुनी रीत आहे. कागद वारा अडवतो, थोडा घाम शोषतो आणि खाली पोचल्यावर टाकून देता येतो. घाटमाथ्यावरच्या चहाच्या टपरीत कालचा पेपर मागितला तर कोणी नाही म्हणत नाही. आतल्या ओल्या टी-शर्टवर, जर्सीच्या खाली, चार पाने दुमडून ठेवायची. कागद खाली पोचल्यावर कचऱ्याच्या डब्यात टाकायचा, घाटात नाही.

उतारासाठी तयारी करणे म्हणजे काय याचा सायकलच्या इतिहासातला सगळ्यात बोलका दाखला इटलीतला आहे. ५ जून १९८८ रोजी 'जिरो द इटालिया' शर्यत सुमारे २,६०० मीटर उंचीच्या गाविया खिंडीतून बोर्मिओ गावात उतरणार होती. वर हिमवर्षाव सुरू झाला. अमेरिकन खेळाडू अँडी हॅम्पस्टन याच्या संघाने आधीपासून हवामानाकडे लक्ष ठेवून स्कीइंगच्या दुकानांतून जाड हातमोजे, टोप्या असे सामान गोळा केले होते आणि ते खेळाडूंना वेळेवर मिळेल अशी व्यवस्था केली होती. खिंडीत सगळ्यात आधी पोचला तो डच खेळाडू योहान फान डर व्हेल्डे, अर्ध्या बाह्यांच्या जर्सीत. चढावर ते त्याला पुरले. उतारावर तो इतका गारठला की त्याला थांबून आसरा घ्यावा लागला, आणि त्या टप्प्यात तो पाऊण तासाहून जास्त मागे पडला. टप्पा एरिक ब्रोइकिंकने जिंकला, हॅम्पस्टन दुसरा आला, एकूण आघाडीची गुलाबी जर्सी त्याच्याकडे आली आणि पुढे त्याने ती शर्यतही जिंकली. चढावर हॅम्पस्टन आणि फान डर व्हेल्डे दोघेही तगडेच होते. फरक पडला तो उतारासाठीच्या कपड्यांनी. आंबेनळी घाटात बर्फ पडत नाही, पण महाबळेश्वरहून पोलादपूरच्या बाजूला पहाटे उतरणाऱ्याच्या बोटांना ब्रेक दाबताना हीच अडचण लहान प्रमाणात येते.

बोटांचे दुखणे नुसते दुखणे नसते. थंडीत शरीर हातापायांकडचा रक्तपुरवठा कमी करून पोट-छातीतली ऊब राखते. म्हणून बोटे आधी बधिर होतात. आणि सायकलवर ब्रेक बोटांच्या हाती. बोटे वळेनाशी झाली की उतार धोकादायक होतो. १२ अंशांच्या खाली पूर्ण बोटांचे हातमोजे घालावेत. दुचाकीवाल्यांचे चामडी मोजे वारा छान अडवतात, पण त्यांत गियरचे बटण सापडत नाही. पातळ विणीचे मोजे आणि त्यावर नेहमीचे बिनबोटांचे सायकलचे मोजे, ही जोडी आपल्याकडे बहुतेक सकाळी निभावते. त्याहून गार असेल तर आतल्या मोज्यांवर स्वयंपाकघरात किंवा दवाखान्यात वापरतात ते पातळ हातमोजे चढवावेत. वारा पूर्ण थांबतो. आत घाम येतो हे खरे, पण तासभराच्या उतारासाठी ते चालते. गार पडण्याआधी मोजे घाला. एकदा बधिर झालेली बोटे मोज्यात आपोआप गरम होत नाहीत.

पायांच्या बाबतीत उलटी चूक होते. दोन-दोन पायमोजे चढवून बूट आवळला की रक्त पोचत नाही आणि बोटे अधिकच गार पडतात. एकच मोजा, जमल्यास लोकरीचा, आणि बुटात बोटे हलतील इतकी जागा. सायकलच्या आणि धावण्याच्या बुटांना पुढे जाळी असते, वारा तिथून येतो. त्या जाळीवर बाहेरून रुंद चिकटपट्टी लावा, किंवा मोज्यावरून बोटांपुरती प्लॅस्टिकची पिशवी चढवून मग बूट घाला. ही युक्ती लडाखच्या खिंडीतही कामाला येते.

डोक्यातून शरीराची निम्मी उष्णता निघून जाते असे अनेकांनी लहानपणी ऐकलेले असते. ते खरे नाही. डोके आकाराने शरीराच्या साधारण दहाव्या हिश्शाइतके, आणि त्यातून जाणारी उष्णताही साधारण त्याच मापाची. पण कान आणि कपाळ फार हळवे असतात, तिथे गार वारा लागला की डोके धरते. त्यासाठी गळ्यात घालायचे नळीसारखे कापड, ज्याला सगळे बफ म्हणतात, ते पुरेसे. कानांवरून, कपाळावरून ओढायचे, ऊन आले की गळ्यात उतरवायचे. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी ते नाकातोंडावर घ्यावे. गार कोरडी हवा थेट छातीत गेली की श्वासनलिका आवळतात, कापडातून ती जरा कोमट आणि दमट होऊन जाते. माकडटोपी हेल्मेटखाली घालू नका. हेल्मेट वर उचलले जाते, पट्टा नीट बसत नाही आणि पडल्यावर ते जागेवर राहत नाही. हेल्मेटखाली जे घालाल ते पातळच हवे आणि ते घालून पट्टा पुन्हा जुळवून पाहायला हवा. मफलर, शाल, ओढणी यांची टोके मोकळी सोडू नका. चाकात किंवा चेनमध्ये अडकून गंभीर अपघात होतात.

गुडघ्यांबद्दल मी जरा आग्रही आहे. तापमान १५ च्या खाली असेल तर गुडघे झाकलेले असावेत. गुडघ्यावर मांसाचे आच्छादन नाही, समोरचा वारा थेट सांध्यावर येतो, आणि गारठलेल्या सांध्याने जोर लावला की दुसऱ्या दिवशी कुरकुर सुरू होते. सुटे लेग वॉर्मर घेता येतात, किंवा पॅड असलेल्या शॉर्ट्सवर साधी घट्ट ट्रॅक पँट. पँट सैल असेल तर चेनच्या बाजूचा पाय क्लिपने किंवा रबरबँडने आवळा. पॅडच्या शॉर्ट्सखाली चड्डी घालायची नसते, थंडीतही नाही. तिथली ओल कातडी सोलवटून काढते.

डोळ्यांवर पारदर्शक काचेचा चष्मा घ्यावा. ताशी ३५ च्या वर गार वाऱ्याने डोळ्यांतून पाणी वाहते आणि समोरचा खड्डा दिसत नाही.

एवढ्यावर कपड्यांचा हिशेब असा बसतो. मुंबई, कोकण, गोव्याची सकाळ, म्हणजे १७-१८ अंशांच्या वर, नेहमीची जर्सी आणि फार तर सुट्या बाह्या. त्याहून कमी, पण १२ पर्यंत, आत पॉलिस्टरचा टी-शर्ट, वर जर्सी, बाह्या, बिनबाह्यांचे जाकीट, बफ, आणि १५ च्या खाली गुडघे झाकलेले. १२ ते ८ मध्ये बोटेही झाकलेली, विंडचीटर खिशात आणि उतारावर अंगात. त्याच्या खाली, म्हणजे निफाडची पहाट, गोंदिया-नागपूरकडची थंडीची लाट, तेव्हा पातळ फ्लीस मध्ये घाला, आणि घाट टाळून सपाट रस्ता निवडला तर जास्तच चांगले. यातला कुठलाही आकडा वेदवाक्य नाही. बारीक अंगाचा माणूस लवकर गारठतो, सावकाश चालवणारा वेगवान साथीदारापेक्षा जास्त गारठतो. कसोटी एकच ठेवा: घराच्या दारात उभे असताना थोडी थंडी वाजली पाहिजे. दारातच सुखाचे वाटत असेल तर दहा मिनिटांनी तुम्ही घामाने भिजणार.

धावणाऱ्यांसाठी हीच कसोटी आणखी कडक करावी लागते. धावताना उष्णता भरपूर तयार होते आणि वारा कमी असतो, त्यामुळे तापमान आहे त्याहून आठ-दहा अंशांनी जास्त आहे असे समजून कपडे घालावेत. १० अंशांत धावायला पूर्ण बाह्यांचा पातळ टी-शर्ट आणि हातमोजे पुष्कळ झाले.

टेकडीवर चालायला जाणाऱ्या ज्येष्ठांचे मात्र उलटे आहे. वेताळ टेकडी असो की पर्वती, चढताना घाम येतो आणि मग वर बसून प्राणायाम, गप्पा यांत अर्धा तास जातो. तो अर्धा तास म्हणजे त्यांचा घाटाचा उतारच. पाठीवरच्या पिशवीत एक कोरडा टी-शर्ट न्यावा आणि वर पोचताच ओला बदलावा. लाज वाटत असेल तर निदान कोरडी शाल किंवा जाकीट आधी अंगावर घ्यावे, मग बसावे. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयावरचा भार वाढतो. ज्यांना हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी थंडीच्या लाटेत ऊन पडल्यावरच बाहेर पडावे, घरातच अंग मोकळे करून मग निघावे आणि या काळातल्या व्यायामाबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

महाराष्ट्रात हिवाळा हाच लांब पल्ल्याच्या सायकल स्वारीचा हंगाम. बीआरएममध्ये, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या स्वारीत, ३०० किलोमीटरला २० तास आणि ४०० ला २७ तास मिळतात, म्हणजे एक रात्र किंवा एक पहाट रस्त्यावर जातेच. अशा वेळी आतला एक सुका टी-शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून जवळ ठेवावा आणि रात्रीच्या जेवणाच्या थांब्यावर बदलावा. त्या एका कपड्याने पुढची रात्र बदलते. थांबल्यावर विंडचीटर आधी घाला, मग चहा मागवा. बहुतेक जण उलटे करतात.

आणि रंग. काळा, निळा, राखाडी स्वेटर पहाटेच्या धुक्यात दिसत नाही. हाच उसाच्या गाळपाचा हंगाम आहे. सांगली, कोल्हापूर, सातारा, नगरच्या रस्त्यांवर भल्या पहाटे उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बैलगाड्या चाललेल्या असतात, कित्येकांना मागे दिवा नसतो. तुम्हाला त्या दिसणार नाहीत आणि मागून येणाऱ्या गाडीला तुम्ही. सगळ्यात बाहेरचा कपडा भडक पिवळा किंवा नारिंगी आणि चकाकणाऱ्या पट्ट्यांचा घ्या. बांधकामावरचे कामगार घालतात ते चकाकणारे जाकीट अगदी स्वस्त मिळते आणि काम चोख करते. घोट्यावरही एक चकाकती पट्टी बांधा. वर-खाली हलणारी ती पट्टी मागच्या चालकाला लांबून कळते.

ज्या वाचकांची मुले टोरांटो किंवा म्युनिकसारख्या शहरात शिकत आहेत आणि सायकलने कॉलेजला जातात, त्यांच्यासाठी थोडे वेगळे. तिथे हवा कित्येकदा शून्याखाली असते आणि दिवसभर तशीच राहते, म्हणून मधला थर खरोखर लागतो आणि बाहेरचा थर ओला बर्फ अडवणारा हवा. पिसे भरलेले जॅकेट भिजले की त्याची ऊब जाते, त्यामुळे सायकलवर ते कामाचे नाही, ते वर्गाबाहेर थांबण्यासाठी ठेवावे. जाणवणारे तापमान उणे २८ च्या खाली गेले तर उघड्या त्वचेला १० ते ३० मिनिटांत हिमदंश होऊ शकतो, असा इशारा कॅनडात दिला जातो. अशा दिवशी बसने जावे.

थरथर थांबत नसेल, बोलताना शब्द अडखळत असतील, चेन लावता येत नसेल, तर शरीराचे आतले तापमान ३५ च्या खाली चालले असण्याची शक्यता आहे. तिथेच थांबा. वाऱ्याच्या आडोशाला जा, ओले कपडे काढा, कोरडे काहीही अंगावर घ्या, अगदी टपरीवरचे पोतेसुद्धा, आणि शुद्ध नीट असेल तर गरम गोड चहा. जोराने थरथरणारा साथीदार अचानक शांत झाला तर तो बरा झाला असे समजू नका, त्याला ताबडतोब दवाखान्यात न्या.

सगळे एकदम विकत घ्यायची गरज नाही. आधी सुती बनियन बाजूला ठेवून पॉलिस्टरचा टी-शर्ट घ्या. मग हातमोजे, मग विंडचीटर. बाकीचे एकेक हिवाळ्यात जमेल तसे. कपडे धुताना मऊपणासाठी घालतात ते सुगंधी द्रव वापरू नका, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम शोषणे मंदावते. गार पाणी, थोडी पावडर, पीळ न घालता सावलीत वाळवणे. लोकर दोरीवर लटकवू नये, ओल्या वजनाने ती लांबते. टॉवेलवर आडवी पसरावी. आणि विंडचीटर धुऊन झाला की कपाटात न ठेवता पुन्हा सायकलच्या पिशवीत ठेवावा.